वाटाड्याने कमी चालवावं

खराडी हे पुण्याचं पूर्वेचं टोक आणि सह्याद्री पश्चिमेला. इऑन आयटी पार्कच्या आसपास राहणाऱ्या माणसाला डोंगर गाठायचा म्हणजे एकतर अख्खं शहर ओलांडून सिंहगडाकडे जायचं, नाहीतर नगर रस्त्याने शिक्रापूर गाठून चाकण-राजगुरुनगरमार्गे भीमाशंकरची वाट धरायची. हिवाळ्यात हा प्रश्न येत नाही. मुळा-मुठेच्याच काठाने थोडं खाली गेलं की कवडीपाटला चक्रवाक आणि बदकं असतात, सोलापूर रस्त्याने पुढे भिगवणला रोहित असतात. पण मार्च सरत आला की बदकांनी उत्तरेची वाट धरलेली असते, नदीत जलपर्णी माजलेली असते आणि महागाच्या लेन्स कपाटात पडून राहतात. मग डोंगरातल्या फोटोसहलींचा हंगाम सुरू होतो. रविवारी पहाटे चारला बायपासच्या कडेला बस, अंधारातच हजेरी, आणि संध्याकाळपर्यंत चार-पाच ठिकाणं. या सहलींच्या जाहिरातीत दोन आकडे ठळक असतात, ठिकाणांचा आणि पक्ष्यांचा. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. वसंतात सह्याद्रीत सहल नेणाऱ्या वाटाड्याने लोकांना शक्य तितकं कमी चालवावं, एक फुललेलं झाड निवडावं आणि सकाळभर त्याच्यापाशी बसवून ठेवावं. ऐकायला हा आळशीपणा वाटेल. पण डोंगराचा, उन्हाचा, पक्ष्यांचा आणि कायद्याचा हिशोब मांडला तर उत्तर हेच येतं.

आधी डोंगराचं बघू. सह्याद्रीतला वसंत हा हिरवा ऋतू नाही, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही दरवर्षी बसमधून उतरणाऱ्यांपैकी अर्ध्यांचा चेहरा पडतो. हिरवळ श्रावणातली, कासच्या पठारावरची फुलं भाद्रपदातली. ज्या महिन्यांना पंचांग वसंत म्हणतं त्या महिन्यांत घाटमाथ्याची उतरण पिवळट-तपकिरी असते, गवत वाळून आडवं झालेलं असतं, कारवीच्या नुसत्या काटक्या उभ्या असतात. याच उघड्याबोडक्या रानात माघ-फाल्गुनापासून पांगारा, काटेसावर आणि पळस फुलतात, तेही पानं झाडून टाकल्यावर. यात झाडाचा फायदा आहे. पानांचा आडोसा नसला की लाल-केशरी फूल दुरून दिसतं, आणि या तिन्ही झाडांना परागीभवनासाठी पक्षी हवे असतात. ओढे आटलेले, पावसाळ्यातल्यासारखे किडेही नाहीत, अशा दिवसांत मधाने भरलेलं एक झाड म्हणजे त्या परिसरातल्या सगळ्यांचं अन्नछत्र. बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, हळद्या, चष्मेवाला, शिंजीर हे तर येतातच, पण हिवाळ्यात पाहुणी आलेली भोरडीही परतीच्या प्रवासाआधी इथे थव्याने उतरते. तिला पळसमैना म्हणतात ते उगाच नव्हे. खाली गळलेली काटेसावरीची फुलं खायला भेकर येतं, वर फांदीवर वानरं येतात. थोडक्यात, पावसाळ्यात जे सगळं डोंगरभर विखुरलेलं असतं ते वसंतात मोजक्या झाडांपाशी गोळा होतं. अशा वेळी लोकांना डोंगरभर हिंडवणं म्हणजे जिथे सगळे येणार आहेत तिथून त्यांना मुद्दाम दूर नेणं.

आता हे झाड जवळून कसं दिसतं ते पाहा, कारण सहलीचा सगळा दारोमदार त्यावर आहे. काटेसावरीचं फूल गळतं ते पाकळी पाकळी करून नाही. पाच जाड, मांसल पाकळ्या आणि पुंकेसरांचा जुडगा असं अख्खं फूल देठातून सुटतं आणि थप्प आवाज करून जमिनीवर पडतं. हातात घेतलं तर वजन जाणवतं, पाकळीला आतून ओलसर चकाकी असते, बुडाशी मुंग्या आधीच पोचलेल्या असतात. वर भोरडीने डोकं खुपसून बाहेर काढलं की तिच्या काळ्या माथ्यावर पिवळी भुकटी बसलेली असते आणि गुलाबी अंगावर सकाळचं ऊन. हे टिपायचं तर झाडाखाली उभं राहून चालत नाही. खालून वर कॅमेरा रोखला की मागे पांढरं आभाळ येतं आणि पक्षी काळा ठिपका होतो. जाणता वाटाड्या म्हणून असं झाड शोधून ठेवतो की ज्याचं खोड उतरणीवर खाली आहे आणि शेंडा पायवाटेच्या पातळीला येतो. घाटात अशी झाडं असतात, पण ती शोधायला आठवडाभर आधी येऊन जावं लागतं. ऊन पाठीशी हवं, म्हणजे सकाळी झाड आपल्या पश्चिमेला हवं. पळसाचा केशरी आणि पांगाऱ्याचा लाल हे रंग कॅमेऱ्याला झेपत नाहीत, पाकळीवरच्या शिरा पुसून जातात आणि नुसता रंगाचा गोळा उरतो. म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवायला सांगावं लागतं. मार्चच्या मध्यावर पुण्यात पावणेसातच्या आसपास सूर्य उगवतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत ऊन करकरीत होतं, शिवाय हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर असतोच, त्यामुळे दूरचं टिपायला जावं तर सगळं दुधाळ दिसतं. हाताशी वेळ तेवढीच, जेमतेम अडीच तास. त्यातला अर्धा वेळ बसमध्ये आणि उरलेला पायवाटेवर घालवणाऱ्या सहलीला चांगला फोटो मिळाला तर ती योगायोगाची कृपा.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येणार आणि तो खोटा नाही. माणसाने आठवडाभर राबून, पैसे मोजून, पहाटे तीनला उठून यायचं, आणि वाटाड्याने त्याला एका झाडापाशी बसवून ठेवायचं? त्याला वैविध्य हवं असतं, परतताना सांगायला काहीतरी हवं असतं. माझं म्हणणं असं की वैविध्य पाहिजे असेल तरच बसावं. एका फुललेल्या पांगाऱ्यावर सकाळच्या दोन तासांत जितक्या जातींचे पक्षी येऊन जातात, तितके त्या मोसमात वाळलेल्या रानातून तेवढाच वेळ पायपीट करून दिसत नाहीत. आणि दिसले तरी पाठमोरे, उडताना. वीस माणसांच्या बुटांखाली वाळका पाचोळा किती वाजतो ते ज्याने ऐकलंय त्याला याचं कारण विचारावं लागणार नाही. शिवाय बसलेल्या माणसाला दुसरी गोष्ट मिळते. पहिल्या तासात जो तो पक्ष्याचा साधा, फांदीवर बसलेला, पुस्तकात असतो तसा फोटो काढतो. दुसऱ्या तासात तो फोटो काढून झालेला असतो, मग नजर भांडणाकडे जाते, चोचीतून ओघळणाऱ्या मधाकडे जाते, एकाच फुलाकडे कोण आधी आणि कोण नंतर येतं याकडे जाते. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त दुर्मीळ प्राण्यांची यादी नाही. नेहमीच्या झाडांकडे महिनोन् महिने बघत राहिल्यावर काय दिसतं, ते त्यात आहे. कॅमेऱ्याचं काम याहून वेगळं असावं असं मला वाटत नाही.

आणखी महत्त्वाचं कारण पक्ष्यांच्या बाजूचं आहे, आणि इथे वाटाड्याची जबाबदारी गिऱ्हाइकापेक्षा मोठी होते. वसंत हा बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा काळ. शिंजिराचा नर याच दिवसांत जांभळा-काळा झळाळतो, तांबट दिवसभर टुकटुक करतो, जंगलात स्वर्गीय नर्तकाची जोडी घरट्याच्या तयारीला लागते. फोटोसाठी याहून सोपी संधी नाही. घरटं सापडलं की पक्षी कुठे येणार ते ठरलेलंच, वाट पाहायला नको. आवाज ओळखणारी ॲप आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. त्यातला नराचा आवाज स्पीकरवर लावला की खरा नर आपल्या हद्दीत कोणी घुसलं म्हणून धावत समोर येतो. वाटाडे याला ‘कॉल लावणं’ म्हणतात आणि अनेक सहली त्याच्याच भरवशावर चालतात. पण तो पक्षी ज्या वेळात न दिसणाऱ्या शत्रूशी भांडतो तो वेळ त्याच्या पिलांच्या पोटातून जातो. माणसं घरट्याशी उभी राहिली की आईबाप घास घेऊन लांबच्या फांदीवर ताटकळतात. आपण ज्या वाटेने घरट्यापर्यंत जातो ती वाट मागाहून कावळ्यालाही कळते. कायद्यालाही हे मंजूर नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना उपद्रव देणं हेही मोडतं. म्हणजे फांदी वाकवून घरट्याचा ‘क्लीन’ फोटो काढणारा माणूस स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत असला, तरी कायद्याच्या पुस्तकात तो बंदूकवाल्याच्या ओळीत उभा आहे. फुललेल्या झाडापाशी बसण्यात हा पेच मुळातच उरत नाही. तिथे पक्षी जेवायला येतो, आपल्याला बघून वाटलं तर दुसऱ्या झाडावर जातो, आणि त्याचं काही बिघडत नाही.

इथे जाणकार मंडळी एक चांगला मुद्दा काढतात. पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सगळी परंपराच घरट्यावर उभी आहे, थोरामोठ्यांनी तेच केलं, मग आजच्या हौशी माणसालाच का अडवायचं? परंपरेचं म्हणणं खरं आहे. ब्रिटिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याशेजारच्या आपल्या आडोशाकडे रात्री परतत होते. घुबडाने हल्ला केला आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. सालिम अलींचे मित्र, सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक लोक वान थो यांनी मचाणं बांधून घरट्यांवर काम केलं. पण त्या काळच्या लेन्स आखूड होत्या, फिल्म मंद होती, पक्षी ठरलेल्या जागी यावा यासाठी घरट्याशिवाय इलाजच नव्हता. माणूस एकटा असायचा, आडोसा रोज थोडा थोडा पुढे सरकवायचा, पक्ष्याला सवय व्हायला दिवसच्या दिवस द्यायचा. आज खांद्यावर सहाशे मिलिमीटरची लेन्स आहे, सेकंदाला वीस फ्रेम निघतात, अंधुक उजेडातही चालतं, आणि घरट्याशी उभी राहणारी माणसं एक नसून वीस आहेत, तीही रोज नवी. ज्या अडचणीपायी जुन्यांनी घरटं निवडलं ती अडचण संपली आहे. ब्रिटनमध्येसुद्धा १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्याशी फोटो काढायला परवाना घ्यावा लागतो, म्हणजे हॉस्किंग यांच्या देशाने स्वतःच हा हिशोब बदलला. जुन्यांकडून काही उचलायचंच असेल तर त्यांचं तासन् तास बसणं उचलावं.

कोणी म्हणेल, वसंतात फुलं आणि पक्षी पाहायचे तर हिमालय आहे, सह्याद्रीत कशाला घाम गाळायचा? जावं की, कुमाऊँमध्ये फुललेला बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) पाहण्यासारखाच असतो. तिथल्या सातताल, पंगोटला पुण्याचे कितीतरी कॅमेरे जातात. पण तिथलं चित्र नीट बघा. तिथेही लोक दिवसभर आडोशामागे बसूनच असतात, फक्त समोर फांद्या रोवून, दाणा-फळं टाकून पक्षी बोलावलेले असतात. आपल्याकडच्या पांगाऱ्याला दाणा टाकावा लागत नाही.

मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप पोटापाण्याचा आहे. पायथ्याच्या गावातली पोरं वाटाड्या म्हणून उभी राहू पाहतात. घरटं दाखवलं, कॉल लावला, तर फोटोवाला खूश होऊन वर दोन पैसे देतो, पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येतो. त्यांना शहरातल्या माणसाने नीती शिकवायची, हे फार सोपं आणि काहीसं उर्मट आहे. पण या गावांचं वसंतातलं जगणं काय असतं ते तरी आपण बघतो का? भीमाशंकर अभयारण्याच्या आजूबाजूच्या आंबेगाव, जुन्नर, खेड भागातल्या महादेव कोळी कुटुंबांसाठी हे महिने हिरड्याचे आहेत. कोवळा हिरडा झाडावर चढून काढायचा, वाळवायचा, विकायचा. वर्षाच्या रोकड कमाईतला मोठा वाटा या वेचणीतून येतो. जो माणूस हिरड्याच्या झाडावर चढतो त्याला त्या रानातलं कुठलं झाड यंदा कधी फुललं, कुठल्या उतरणीवर आधी आणि कुठल्या नंतर, अंजनीला निळा-जांभळा बहर कुठे दाट आहे, शेकरू सध्या कुठे वावरतंय, हे विचारावं लागत नाही. शहरातला संयोजक याच माहितीसाठी ॲपवर पिना टाकत बसतो. म्हणून माझ्या मते पैसे या माहितीचे द्यायला हवेत, आणि चांगले द्यायला हवेत. घरट्याची जागा एका हंगामात कामास येते आणि गर्दीने उजाड होते. फुलणारं झाड पुढच्या मार्चला तिथेच असतं, त्याच्याशी बांधलेला रोजगारही टिकतो. सहलीचे वीस जण त्या झाडापाशी तीन तास बसतात म्हणजे त्यांना चहा लागतो, न्याहारी लागते, जेवण लागतं. पाच ठिकाणं पळणारी बस मात्र हमरस्त्यावरच्या हॉटेलात थांबते. आणि हो, हिरडा काढणाऱ्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे सांगणंही वाटाड्याचंच काम आहे. ती कामावर असते, आपण सुट्टीवर.

वणवा आणि मोहोळ या दोन गोष्टी झटपट सांगतो, कारण त्या कमी चालण्याच्या बाजूनेच साक्ष देतात. मार्च-एप्रिलच्या वाळल्या गवतात एक विडी पुरते. बहुतेक वणवे माणसानेच लावलेले किंवा माणसाच्या हातून लागलेले असतात, वनखातं जाळरेषा काढतं पण त्या सगळीकडे पुऱ्या पडत नाहीत. जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोल, रातव्यासारख्या पक्ष्यांची वीण त्यात जळून जाते. गट एका जागी असला तर कोणी काडी ओढतंय का यावर नजर राहते, लांबलेल्या रांगेत राहत नाही. दुसरं, फुलांचा हंगाम म्हणजे मधमाश्यांचा हंगाम. किल्ल्यांच्या कड्यांखाली, मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं लटकतात. अत्तर, धूर आणि ड्रोनची घरघर यांनी ती पिसाळतात, आणि आग्या माश्या पाठलाग करतात तेव्हा खांद्यावरची तीन किलोची लेन्स घेऊन उतारावर पळणं ही काही फोटो काढण्याची रीत नव्हे. पाच ठिकाणांवरची मोहोळं आधी पाहून ठेवणं कोणालाच जमत नाही. एका जागेची पाहणी दुर्बीण घेऊन अर्ध्या तासात होते.

शेवटचा आक्षेप जरा टोचरा आहे. सगळं आधीच ठरवून, झाड निवडून, ऊन जुळवून, माणसांना खुर्चीत बसवल्यासारखं बसवलं तर त्यात डोंगराचा काय संबंध राहिला, आणि अनपेक्षित असं काय उरलं? डोंगर चढण्याचा आनंद मला मान्य आहे. ज्याला चढायचंय त्याने कॅमेरा घरी ठेवून पावसाळा संपताना जावं, रतनगड आहे, हरिश्चंद्रगड आहे. पण फोटोसहलीला आलेल्या माणसाचं ध्येय वेगळं आहे, आणि दोन्ही एकाच रविवारी कोंबली की दोन्ही अर्धवट होतात. अनपेक्षित म्हणाल तर ते बसलेल्यापाशीच अधिक येतं. सारं रान शांत असताना भोरड्यांचा थवा एकदम उडतो तेव्हा बसलेला माणूस आधी वर बघतो, आणि शिक्रा त्याला दिसतो. चालणाऱ्याला फक्त थवा उडालेला दिसतो, आणि त्याला वाटतं आपल्यामुळेच उडाला. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

तेव्हा मार्चमधल्या सहलीसाठी पैसे भरण्याआधी संयोजकाला दोन प्रश्न विचारा. एका जागी किती वेळ बसवणार? आणि सोबत त्या गावचा माणूस असणार की नाही? पहिल्याचं उत्तर अर्धा तास असेल किंवा दुसऱ्याचं ‘गरज पडत नाही’ असं असेल, तर पैसे भरू नका.